गाडी गेल्यावरचं हसू

पालघरच्या टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी बातमीपट लागला. त्यात माझ्या भावाने घेतलेली चित्रं होती. चित्रांवर आवाज निवेदकाचा होता. भाऊ खुर्चीवरून उठला आणि बाहेर गेला. त्या दिवसानंतर त्याने कॅमेरा हातात धरला नाही.

हे एकोणीसशे साठ ते सत्तरच्या मधल्या वर्षांतलं. आता तो गेल्याला वर्ष होत आलं. लोक भेटायला येतात आणि त्याच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात. मी मान हलवते, पण मला ते पटत नाही. शांत तो कधीच नव्हता. गप्प झाला होता. का झाला ते सांगायचं तर त्या बातमीपटाच्या मागे जावं लागतं. गेले काही महिने मी तेच करते आहे. चार ओळी लिहायच्या, उठायचं, वाडीत एक फेरी मारायची, परत येऊन त्यातल्या दोन खोडायच्या.

आमचं घर केळव्याचं. सुपारीची वाडी, मागे समुद्र. भाऊ प्रसिद्धी खात्याच्या फिरत्या गाडीवर ऑपरेटर होता. गाडीत प्रोजेक्टर, वीज तयार करायचं इंजिन, दोन कर्णे आणि गुंडाळलेला पडदा. ठरलेल्या गावी संध्याकाळी पोचायचं, मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून पडदा ताणायचा आणि खात्याची रिळं दाखवायची. देवीची लस, भाताची जपानी पद्धतीची लागवड, अल्पबचत आणि शेवटी बातमीपट. रिळांतला आवाज कधी हिंदीत असे, कधी पुस्तकी मराठीत. बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरपट्टीत त्यातलं फारसं कुणाला कळत नसे. म्हणून ऑपरेटर लोकांनी आपली एक रीत पाडली होती. रिळातला आवाज बारीक करायचा आणि चालू चित्रावर आपण माईकमध्ये बोलायचं, गावाच्या बोलीत. खात्याने तसं करा म्हटलं नव्हतं आणि करू नका असंही म्हटलं नव्हतं.

भाऊ यात वाकबगार होता. लस टोचताना पोर रडलं की तो म्हणायचा, "रड बाबा, तुझा बाप पन रडला व्हता." बातमीपटात कुणी मोठा माणूस फीत कापायला आला की म्हणायचा, "आता कात्री येल. आली. आता कापतील. कापली. आता हे टाळ्या वाजवतील, तुमी वाजवा नका वाजवू, त्यांच्या वाजतातच." माणसं हसायची. गाडीचा ड्रायव्हर घाटावरचा होता. तो मला म्हणायचा, "ताई, तुमच्या भावाला सरकारनं पिच्चर दाखवायला ठेवलंय, आन् ह्यो पिच्चरला दाखवतोय लोकांस्नी."

मी पालघरच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होते. रोजची वर्तमानपत्रं लावून ठेवणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे बातमीची भाषा कानात बसली होती. कुठलीही योजना 'साकार' व्हायची, जनता 'भारावून' जायची, टाळ्यांचा 'कडकडाट' व्हायचा. एका साप्ताहिकाचा वार्ताहर वाचनालयाच्या टेबलावर बसूनच बातम्या लिहायचा. समारंभ उद्या असला की बातमी आज. टपाल संध्याकाळच्या गाडीने जातं, उद्या लिहिलं तर अंक चुकतो, असं त्याचं म्हणणं. माणूस खोटा नव्हता. सगळे समारंभ सारखेच होतात, असा त्याचा अनुभव होता.

कॅमेरा आला तो डहाणूकडच्या एका चिकूवाडीवाल्या शेटजींकडून. त्यांचा घरगुती प्रोजेक्टर भावाने दुरुस्त करून दिला. शेटजींकडे चावी देऊन चालवायचा एक कॅमेरा कपाटात पडून होता. दोन लग्नं आणि एक कुत्रा एवढं घेऊन त्यांची हौस फिटली होती. "घेऊन जा, डिकरा," ते म्हणाले, "कपाटात बसून ते पण म्हातारं झाला." बरोबर उरलेली फिल्मही दिली. या फिल्मची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हिला निगेटिव्ह नसते. जी पट्टी कॅमेऱ्यातून जाते, तीच धुऊन आल्यावर प्रोजेक्टरवर चढते. म्हणजे जे काही आहे ते एकच. तिची कात्रीने कापलेली जागा पुन्हा भरून येत नाही, आणि ती दिली म्हणजे दिली.

त्या सुमारास डोंगरपट्टीतल्या एका गावाला नळाचं पाणी मिळणार होतं. गावाचं नाव लिहीत नाही. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, मुंबईहून बातमीपटाचा कॅमेरामन येणार, आणि भावाच्या गाडीला कर्णे लावायला बोलावलं होतं. त्याने शेटजींचा कॅमेरा पिशवीत घातला. रविवार होता म्हणून मीही गेले.

आम्ही बोईसरहून निघालो तेव्हा तारापूरच्या बाजूला जाणारे ट्रक धूळ उडवत चालले होते. तिकडे वीज-केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरच्या स्टेशनाबाहेर रोज नवी माणसं हिंदीत खोली विचारताना दिसत. गावात पोचलो तर मांडव घातलेला, नळाला झेंडूची माळ. भाऊ कर्ण्यांसाठी बांबू शोधायला शाळेच्या मागे गेला आणि लगेच परत आला. "बाय, चल. बघ काय आहे." शाळेच्या भिंतीमागे कुणा ठेकेदाराची पाण्याची टाकी चाकांवर उभी होती. टाकीपासून रबरी नळी निघाली होती आणि ताज्या मातीखालून थेट नळापर्यंत गेली होती. खरी पाइपलाइन अजून दोन टेकड्यांपलीकडेच होती. कुणी लपवतही नव्हतं. पाहुण्यांची तारीख आधी ठरली, पाइप नंतर येणार होते. टाकीपाशी बसलेला माणूस विडी ओढत होता. त्याने विचारलं, "फोटो काढता का? काढा की."

भावाने चावी भरली आणि घेतलं.

पाहुणे आले. नळ फिरवला. पाणी आलं. गावातल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. मुंबईचा कॅमेरामन त्यांच्यासमोर गुडघे टेकून ओरडत होता, "हँसिये! हँसिये! अरे, पानी आया है!" एकही बाई हसली नाही. अनोळखी पुरुष समोर ओरडतोय म्हटल्यावर पदर आणखी पुढे आले. त्याने पाहुण्यांना विनंती करून नळ पुन्हा बंद करायला लावला, पुन्हा उघडायला लावला. पुन्हा टाळ्या. बायका तशाच. एकीने शेजारणीला विचारलं, "ह्याचा काय दुखतंय गं?" शेवटी ऊन उतरायला लागलं, कॅमेरामनने पेटी बंद केली आणि गाड्या निघून गेल्या.

धूळ खाली बसेपर्यंत टाकीही रिकामी झाली. नळाने दोन आचके दिले, हवा सोडली आणि थांबला. रांगेत अजून बऱ्याच बायका होत्या. ज्या बाईची पाळी होती ती उंच, काळीसावळी, कडेवर हंडा धरलेली. तिने नळाकडे पाहिलं, गाड्या गेल्या त्या वाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवरीसारखा हाय गं ह्यो नळ! पावणे बघाय आले तवर गोड गोड बोलला. पावणे गेले, तोंड मिटला!"

आणि मग त्या हसल्या. एकीचं दुसरीला लागलं. हंडे खाली ठेवून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. भाऊ त्यांच्यापासून चार हातांवर होता आणि चावी संपेपर्यंत कॅमेरा चालू होता.

तिचं लक्ष गेलं तेव्हा तिने हात उगारला. "ए शिनेमावाल्या! काय घेतलास?"

"तुमचं चित्र."

"आमाला दाखवशील ना? का नेशील नि मुंबईला विकशील?"

"दाखवीन. हितंच, याच जागेवर," भाऊ म्हणाला. "शब्द दिला."

तो कुणाला सहसा शब्द देत नसे. परतीच्या वाटेवर मांडीवर ठेवलेल्या पिशवीवरून त्याचा हात हलला नाही.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. तपासताना दिसलं की चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक केस थरथरतोय. कॅमेऱ्याच्या आत अडकलेला असणार. शेटजींच्या कुत्र्याचा, असं भाऊ म्हणाला. तो केस सगळ्या चित्रांत होता. आम्ही केळव्याच्या घरी माजघरात बसून ती जुळवली. पट्टीचं टोक दाढीच्या पात्याने खरवडायचं, जोडायचं द्रावण लावायचं आणि दाबून धरायची. त्या द्रावणाला पिकल्या केळ्यासारखा वास यायचा आणि आई रोज विचारायची, "केळ्यांची फणी उतरवलीत का रे कुठे?"

भावाचा एक नियम होता. "आपला एकही शब्द नको, बाय. शब्द त्यांचे, चित्रं आपली." म्हणून मी निवेदन वर्तमानपत्रांतून आणि बातमीपटांतून उचललं, जसंच्या तसं. पडद्यावर वार्ताहर वाचनालयाच्या टेबलावर लिहितोय. तो मोठ्या खुशीने कॅमेऱ्यापुढे बसला होता. तेव्हा मी वाचायचे, 'टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात आज...' आणि त्याच वेळी रिकामं मैदान, एकही माणूस नाही, एक कुत्रं मांडवाचा खांब हुंगतंय. 'शासनाने अथक परिश्रमांनी' म्हणताना विडी ओढणारा टाकीवाला. 'जलगंगा गावाच्या दारी' म्हणताना मातीखालून जाणारी रबरी नळी. आणि नळ थांबल्यावर, बायका हसताना, मी वाचायचे, 'ग्रामस्थ भगिनींच्या मुखावर समाधान विलसत होते.' चित्रांत आवाज नव्हताच. दरवेळी मी प्रोजेक्टरशेजारी उभी राहून वाचायचे, बातमीपटाच्या निवेदकासारखा घसा खाकरून, एकाही शब्दाला न हसता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत काही जणांना पहिल्यांदा दाखवली. शिक्षक, एक वकील, नेहमीचे वाचक. वार्ताहरही होता. सगळे इतके हसले की मला दोनदा थांबावं लागलं. वार्ताहर सगळ्यांत जास्त हसला. दिवा लागल्यावर मात्र खोलीत कुणी कुणाकडे पाहीना. वकील चपला घालता घालता म्हणाले, "उत्तम झालंय. आता हे कुणाला दाखवू नका."

"गावात दाखवायचंय," भाऊ म्हणाला. "पुढच्या फेरीत."

पुढच्या फेरीच्या आधीच प्रसिद्धी कचेरीचे साहेब दौऱ्यावर आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. डाकबंगल्यावर प्रोजेक्टर घेऊन हजर व्हा, असा निरोप आला. नोकरी जाणार, हे आम्ही धरूनच चाललो. भावाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मला म्हणाला, "तू जशी वाचतेस तशीच वाच. आवाज कापू देऊ नको."

साहेबांनी सगळं पाहिलं. हसले नाहीत, रागावले नाहीत. "पुन्हा लावा," म्हणाले. दुसऱ्यांदा पाहताना खुर्ची पुढे ओढून बसले. मग चष्मा पुसला.

"मजकूर कुणाचा?"

"आपलाच, साहेब," भाऊ म्हणाला. "एकही शब्द बाहेरचा नाही."

"तेच पाहतोय. कुठे बोट ठेवायला जागा नाही." मग माझ्याकडे वळून, "बाई, उच्चार स्वच्छ आहेत तुमचे." आणि पुन्हा भावाला, "ते शेवटचं हसणं. अहो, आमच्या माणसांना असं हसणं मिळत नाही. सगळे आपले प्रेतयात्रेला आल्यासारखे उभे. मी हे मुंबईला पाठवतो. वरच्यांनी पाहायला हवं."

तो माणूस भोळा होता की आमच्या सगळ्यांहून हुशार, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. तोंडावर काही दिसलं नाही. भाऊ मात्र बदललेला दिसला. त्याचे कान लाल झाले होते. वरच्यांनी पाहायला हवं, हेच तर त्याला हवं होतं. ज्यांनी 'हँसिये' म्हणून ओरडायला माणूस पाठवला, त्यांनी अंधारात बसून हे पाहावं आणि गप्प व्हावं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "दादा, एकच प्रत आहे."

"परत येईल. लेखी पोच घेतो."

"आणि मी तिथे नसणार. वाचेल कोण?"

"वाचायला कशाला हवं? टाकी दिसते, नळी दिसते. चित्रं खोटं बोलत नाहीत, बाय."

वर्षानुवर्षं हाच माणूस दुसऱ्यांच्या चित्रांवर आपला आवाज चढवून त्यांचा अर्थ फिरवत आला होता. रोज संध्याकाळी, हसत हसत. आपल्या चित्रांना तेच होऊ शकतं, हे त्याच्या मनात आलं नाही. माझ्याही नुसतं कडेकडेने आलं. ड्रायव्हर गाडी पुसत होता. फिल्मचा डबा साहेबांच्या जीपमध्ये गेल्यावर तो म्हणाला, "ऑपरेटर, वाघाला बोकड दाखवाया न्हेलात ते ठीक. दावं कशाला त्याच्या हातात दिलंत?"

मग वाट पाहणं. भाऊ टपालाच्या वेळी पोस्टाबाहेर जाऊन उभा राही. त्या गावाची फेरी त्याने एकदा टाळली, दुसऱ्यांदा इंजिन बिघडल्याचं सांगून टाळली. जेवताना मध्येच उठून अंगणात जाई. "चार दिवसांत येईल," म्हणे. आई म्हणायची, "बस रे एका जागी, जमीन काय चावते?"

मग तो टॉकीजमधला दिवस. आधी नळाला माळ, पाहुणे, टाळ्या. हे त्यांच्या कॅमेऱ्याचं, चकचकीत. आणि एकदम चित्र भुरकट झालं, मोठं करून घेतल्यावर दाणे दिसतात तसं, आणि डाव्या कोपऱ्यात तो केस थरथरला. पडद्यावर पाहुण्यांनी नळ फिरवला होता आणि लगेच त्या बायका हसत होत्या. हंडे खाली ठेवून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. निवेदक म्हणाला, 'पाणी आले, आणि घरोघरी आनंद आला.' प्रेक्षकांतल्या कुणीतरी मागून टाळी वाजवली.

मी बाहेर आले तेव्हा भाऊ सायकलींच्या रांगेत आपली सायकल शोधत होता. आम्ही सायकलने आलो नव्हतो.

महिना उलटला आणि गाडीसाठी रिळांची नवी पेटी आली. पेटीत तोच बातमीपट. फेरीच्या कार्यक्रमात ते गाव होतं. भाऊ इंजिन बिघडलं म्हणू शकला असता. आजारी पडू शकला असता. ड्रायव्हरने तसं सुचवलंही. भाऊ म्हणाला, "नाही. जाणार. आधी सांगणार, मग दाखवणार." त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही निघाले.

वाटेत तो माईकवर काय बोलायचं त्याचीच घोकंपट्टी करत होता. ही चित्रं मी घेतली, पण या आवाजाशी माझा संबंध नाही. नको. मी दिलं ते वेगळं होतं. नको. मला फसवलं. हे तर नकोच, तो म्हणाला, आपण कोण मोठे लागून गेलो. प्रत्येक वळणावर एक वाक्य खाली पडत होतं. गाव आलं तेव्हा एकही उरलं नव्हतं.

दिवेलागणीला पडदा ताणला. शाळेसमोर सगळं गाव बसलं. नळ तिथेच होता, माळ सुकून दोरा राहिलेला. ती उंच बाई पुढेच बसली होती, मांडीवर पोर घेऊन.

"आनलास का आमचा चित्र?"

"आणलं," भाऊ म्हणाला. आणि माईक हातात घेऊन, "पण दाखवायच्या आधी एक सांगायचंय..."

"सांगतोस काय! लाव!" मागून कुणीतरी ओरडलं. "सांगायचा नंतर सांग. लाव रं!"

त्याने लावलं. तो तुकडा येताच आवाज पूर्ण बंद केला. कर्णे मुके झाले, फक्त इंजिनाची घरघर. पडद्यावर बायका हसत होत्या.

एका क्षणात सगळं मैदान उठून उभं राहिलं. "ही बघ! ही बघ!" "तो हात कुनाचा? माझा तो!" "ए, म्हातारीचे दात बघ!" ज्यांनी आरशाशिवाय स्वतःला कधी पाहिलं नव्हतं, त्या बायका पडद्यावर चार पुरुष उंचीच्या दिसत होत्या. त्या उंच बाईने पदर तोंडात धरला होता आणि बोटांच्या फटीतून पाहत होती. "परत लाव!" भावाने रीळ मागे घेतलं, परत लावलं. "आनखी एकदा!" परत लावलं. मला बरं वाटायला लागलं होतं. आपण उगीच भीत होतो, असं वाटलं.

मग तीच म्हणाली, "शिनेमावाल्या, आवाज लाव ना. काय बोलतंय तो आमच्यावर?"

"काही विशेष नाही."

"लाव तर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. त्याने आवाज लावला. 'पाणी आले, आणि घरोघरी आनंद आला.' ही मराठी सोपी होती. सगळ्यांना कळली.

बसलेली माणसं बसूनच राहिली, उभी होती ती उभीच राहिली. ती बाई वळली.

"आमी पान्यासाठी हसलों का?"

"नाही."

"तू व्हतास ना हितंच?"

"होतो."

"मंग त्यांना सांगितला नाय?"

भाऊ म्हणाला, "मला वाटलं, त्यांना दिसेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, पोर कुठेतरी वस्तू विसरून आलं की आई बघते तशी. "हसतांना दिसतों आमी," ती म्हणाली. "चांगल्या दिसतों. पन का हसतों ते कुठं दिसतंय, भाऊ? ते तर मी तोंडाने बोललीं व्हती."

मागून एक म्हातारी म्हणाली, "जाऊं दे गं. नळ तरी आला ना चित्रात. पान्यासकट." त्यावर थोडं हसू झालं. मग कुणीतरी म्हणालं, तो आवाज नको, बंद कर, नि परत लाव. भावाने बंद केला, परत लावला. बायका हसल्या त्या जागी ती बाई बसल्या जागेवरून ओरडली, "नवरीसारखा हाय गं ह्यो नळ!" आणि सगळं गाव हसलं, पहिल्यासारखंच. त्यांना पुरे वाटेना. आणखी एकदा, आणखी एकदा. भाऊ रीळ मागे घेत होता, पुढे चालवत होता. त्याच्या तोंडावर प्रोजेक्टरचा उजेड होता. तो हसला नाही.

निघताना त्याने तिला म्हटलं, "मी दिलेला शब्द हा नव्हता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आमचा खरा चित्र मिळाला का मंग आन."

त्याने राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. चौकशी नाही, ठपका नाही. बातमीपट मुका दाखवल्याचं ड्रायव्हरने कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी उलट निरोप धाडला, एवढा चांगला माणूस जातो याचं वाईट वाटतं म्हणून. शेटजींचा कॅमेरा परत गेला. भाऊ बोईसरला एका ठेकेदाराकडे सामानाच्या कोठीवर लागला, पुढे तिथे कारखाने आले तेव्हा एका कारखान्याच्या कोठीवर. फिल्म परत मिळावी म्हणून तो बरीच वर्षं लिहीत राहिला आणि दोनदा मुंबईला जाऊन बसून आला. दुसऱ्या वेळी एका कारकुनाने जुन्या खोल्या उघडून दाखवल्या. हवे तेवढे तुकडे कापून घेतले, बाकीचं ठेवण्यासारखं नव्हतं, असं त्याने सांगितलं. टाकी, नळी, रिकामं मैदान, लिहिणारा वार्ताहर, ते सगळं 'बाकीचं'.

त्यानंतर तो त्या गावाला गेला नाही. कशाला जाऊ, हातात काय आहे, असं म्हणायचा. मी एकटीने जाऊन यावं असं मी दोनतीनदा म्हटलं. तो म्हणायचा, तू जाऊन काय सांगणार? आम्ही टॉकीजला जायचो ते बातमीपट संपल्यावर, अंधारात चाचपडत. माणसं कुरकुरायची. घरात रेडिओवर बातम्या लागल्या की तो समुद्राकडे निघायचा. कधी मीही बरोबर जायचे. केळव्याच्या वाळूत तो इतका भरभर चालायचा की मी मागे पडायचे, मग तो थांबायचा आणि मी पोचायच्या आत पुन्हा निघायचा.

काही वर्षांनी त्या गावाला खरोखर पाणी आलं. हे मला वाचनालयात पुस्तक बदलायला येणाऱ्या तिथल्या एका मास्तरांनी सांगितलं. कुणी पाहुणे आले नव्हते. ती बाई कोण, काय झालं तिचं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते बदलून आलेले होते. घरी येऊन मी भावाला सांगितलं. तो नखं कापत होता. म्हणाला, "बरं झालं." मग बोटं मोजल्यासारखी बघत बसला, आणि उठून गेला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्याने एकदा विचारलं, तुला ते निवेदन आठवतं का. मला सगळं आठवत होतं. मी म्हणायला लागले, 'टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात आज...' त्याने हात हलवून थांबवलं. "ते नाही," म्हणाला. "ती काय म्हणाली होती ते." मी ते सांगितलं, तिच्या बोलीत, जमेल तसं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "तेच तेवढं घालायचं राहिलं."

भावाची फिल्म उरलेली नाही. बातमीपट मुंबईला सरकारी साठ्यात आहे, आणि अर्ज केला तर पाहायला मिळतो.